कुंडल परिसरातील मुंबईकडील स्थलांतर आणि एकत्र कुटुंबाचे विघटन : काही निरीक्षणे

प्रास्ताविक

कुंडलचा आधुनिक इतिहास लिहिला जातो तो बहुतांशी प्रतिसरकारचा इतिहास म्हणून, आणि ते स्वाभाविकही आहे. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, कॅप्टन रामचंद्र लाड, तुफान सेना, ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ अडवलेली पगाराची रेल्वेगाडी या साऱ्या गोष्टींची नोंद झाली, आठवणी लिहिल्या गेल्या, स्मारके उभी राहिली. परंतु ज्या घरातील एक भाऊ भूमिगतांना भाकरी पोहोचवीत होता, त्याच घरातील दुसरा भाऊ अनेकदा मुंबईच्या एखाद्या गिरणीत साच्यावर उभा होता. या दुसऱ्या भावाचा इतिहास स्थानिक इतिहासलेखनात फारसा आढळत नाही. तो गिरणी कामगार चळवळीच्या इतिहासात आढळतो. मात्र तेथे तो संपकरी असतो, युनियनचा सभासद असतो, कोणाचा भाऊ वा नवरा क्वचितच असतो.

गाव सोडून पश्चिमेकडे, घाट उतरून गेलेल्या या माणसामुळे मागे राहिलेल्या कुटुंबाचे काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. याविषयी दोन मते प्रचलित आहेत. मुंबईने गावची कुटुंबे मोडली, असे एक मत. मुंबईच्या पैशाने गावची कुटुंबे तगली, असे दुसरे. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात गिरणी कामगाराचे गावाशी असलेले नाते हा मागासलेपणाचा अवशेष नसून शहरातील अस्थिर रोजगाराविरुद्धचा आधार होता, हे दाखवून दिले आहे. ते मान्य करूनही एक प्रश्न उरतो. हा आधार चालू ठेवण्याचे मोल कुटुंबातील कोणी दिले? प्रस्तुत लेखकाच्या मते कुटुंब टिकवण्यासाठी केलेली योजना आणि कुटुंब मोडण्याची प्रक्रिया या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. एका भावाला मुंबईला पाठवणे ही जमीन एकत्र ठेवण्याची युक्ती होती, आणि त्याच युक्तीतून वाटणी हळूहळू, तीस-चाळीस वर्षांत, घडत गेली.

भूमी, पाणी आणि रेल्वे

कुंडल हे औंध संस्थानातील गाव. संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. औंध, कुंडल, आटपाडी असे त्याचे तुकडे इंग्रजी अमलाखालील सातारा जिल्ह्यात विखुरलेले होते. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले. १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला व २१ नोव्हेंबर १९६० पासून त्यास सांगली हे नाव मिळाले. जुनी कागदपत्रे पाहू इच्छिणाऱ्या अभ्यासकास हे बदल ध्यानी ठेवावे लागतात, कारण एकाच घराचे कागद तीन ठिकाणी सापडू शकतात.

या जिल्ह्यांचा पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने उतरत जातो. महाबळेश्वरास सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस आटपाडी-माणच्या पट्ट्यात पाचशेच्या खाली येतो. कुंडल या दोहोंच्या मध्ये. कृष्णा जवळून वाहत असली तरी तिच्या खोल पात्रातील पाणी माळावर चढवण्याचे साधन उपसा योजनांपूर्वी शेतकऱ्याच्या हाती नव्हते. विहिरीवर मोट आणि बाकी पावसावर भिस्त, अशी शेती. १८७६-७८, १८९६-९७, १८९९-१९०० आणि १९१८ या दुष्काळांनी ही शेती वारंवार मोडली. १९१८ साली अवर्षणाच्या जोडीला इन्फ्लुएन्झाची साथ आली. १९११ ते १९२१ या दशकात सातारा जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली व १८५६ मध्ये चालू झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे-मिरज लोहमार्ग झाल्यावर कुंडल रोड स्थानकावरून मुंबईची वाट सोपी झाली. त्याआधी हे अंतर पायी वा बैलगाडीने तोडावे लागे आणि परतणे अनिश्चित असे. रेल्वेमुळे परतणे शक्य झाले, आणि परतण्याच्या या शक्यतेमुळेच कुटुंबाचे दोन भाग करून दोन ठिकाणी ठेवता येऊ लागले.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या जमिनीवर, या कुंडल रोड स्थानकालगतच, आपला कारखाना व वसाहत उभी केली. स्थानकाचे नावही पुढे किर्लोस्करवाडी झाले. म्हणजे कुंडलच्या माणसापुढे औद्योगिक मजुरीचे दोन मार्ग होते. किर्लोस्करवाडीत काम करणारा संध्याकाळी चालत घरी येई, घरच्या चुलीवर जेवे, सुगीत पहाटे शेतात हात लावून मग कामावर जाई. मुंबईस गेलेला माणूस गावच्या जत्रेला येई, फार तर सुगीला. दोघेही यंत्रावरचेच कामगार, दोघांच्याही घरी रोख पैसा येई. परंतु कुटुंबावर झालेला परिणाम भिन्न. तेव्हा विघटनाचे खापर ‘उद्योगीकरण’ या एका शब्दावर फोडता येत नाही. अंतर, आणि त्याहून अधिक म्हणजे बायकामुलांसह राहता येईल अशी जागा व तेवढी मजुरी न देणारी मुंबईची व्यवस्था, ही कारणे अधिक नेमकी आहेत. किर्लोस्करवाडी सर्वांना सामावून घेऊ शकत नव्हती, हेही खरे.

कोण गेले, कसे गेले

‘सातारकर मुंबईस गेले’ असे सरसकट म्हणण्याचा प्रघात आहे. मात्र जाण्याच्या पद्धतीत जातीचा व जमिनीचा फरक स्पष्ट दिसतो. ज्यांच्याकडे थोडीफार जमीन होती अशा, मुख्यतः मराठा, कुटुंबांनी माणूस निवडून पाठवला. थोरला सहसा शेतीवर राहिला. मधला किंवा धाकटा गेला. ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांच्याजवळ मागे ठेवण्यासारखे काही नव्हते. ते कुटुंबासह निघाले.

दुसऱ्या प्रकारचे सर्वपरिचित उदाहरण अण्णा भाऊ साठे यांच्या घराचे आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे मांग कुटुंबात जन्मलेले अण्णा भाऊ १९३० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत आईवडील व भावंडांसह मुंबईस पायी गेले. वाटेत मिळेल ते काम करावे, चार दिवस थांबावे, पुन्हा चालावे, असा तो प्रवास होता. ज्या मार्गावर रेल्वे धावत होती, त्याच मार्गावर हे कुटुंब तिकिटाच्या पैशाअभावी चालत होते. पुढे मुंबईत अण्णा भाऊंनी गिरणीतही काम केले. त्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत घरोघर पोहोचली. गावी राहिलेली पत्नी आणि मुंबईत कामासाठी आलेला नवरा यांची ताटातूट हे तिचे सूत्र. त्यातूनच सीमाभागाच्या ताटातुटीकडे ती वळते. एका प्रांताचे दुःख सांगण्यासाठी शाहिराला हीच प्रतिमा सापडावी, यावरून ती श्रोत्यांच्या किती ओळखीची होती हे कळते. छक्कडीचा वक्ता मात्र पुरुष आहे. मैनेचे म्हणणे काय होते, याकडे पुढे वळू.

खोली आणि खानावळ

१९२१ च्या जनगणनेनुसार मुंबईत दर हजार पुरुषांमागे ५२५ स्त्रिया होत्या. १९३१ मध्ये ५५४. शहराच्या लोकसंख्येपैकी १९२१ मध्ये जेमतेम सोळा टक्के लोक मुंबईत जन्मलेले होते. या आकड्यांमागे गिरणगावातील खोल्या आहेत. एका खोलीत दहा-पंधरा पुरुष, दिवसपाळीचे उठले की रातपाळीचे आडवे होणार, भिंतीला ज्याची त्याची ट्रंक. पुष्कळदा ही खोली एकाच गावच्या लोकांची असे. गावचा जॉबर काम लावून देई, गावची खोली आसरा देई, गावच्या तालमीत पोरे घुमत. १९२० च्या दशकात बांधल्या गेलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोल्या सुमारे १६० चौरस फुटांच्या. तेथेही कुटुंब आणले तर त्याच खोलीत भाऊबंद व पाहुणे सामावून घ्यावे लागत.

कामाची शाश्वती नव्हती. बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राही. हजर कामगारांपैकी कोणी आला नाही तर याला काम. गिरणीमालक संघाने १९३५ मध्ये बदली नियंत्रणाची योजना आणली, तरी बदलीपण संपले नाही. ज्याला महिन्यात पंधरा दिवस काम मिळेल की वीस हे ठाऊक नाही, त्याने बायकोला गावाहून आणावे कशाच्या भरवशावर? १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता व त्या मुख्यतः वाइंडिंग-रिलिंग खात्यांत होत्या. यांत्रिकीकरण व कामाची फेररचना यांमुळे तो हिस्सा पुढे सतत घसरला. नवराबायकोने मिळून मुंबईत कमवावे, हा मार्ग अशा रीतीने अरुंद होत गेला.

जेवणासाठी खानावळ. ती चालवणाऱ्या बाईही बहुधा घाटावरच्याच, अनेकदा विधवा किंवा संपात, आजारपणात नवऱ्याची मजुरी बुडालेल्या. पंधरा-वीस माणसांचे दोन वेळचे जेवण, उधारी, सावकाराचे व्याज. अशा बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. गिरणी कामगाराच्या श्रमाचा हिशेब मांडताना खानावळीची चूल आणि गावची चूल या दोहोंचा हिशेब सहसा राहूनच जातो.

मनीऑर्डर, चूल आणि ‘ए. कु. मॅ.’

आता गावाकडे येऊ. येथील प्रक्रिया समजण्यासाठी एक नमुना-कुटुंब कल्पू. त्यातील तपशील कोणा एका घराचे नाहीत. तीन भाऊ, आठ-दहा एकर जिराईत, एक विहीर. वडील वारल्यावर जमीन थोरल्याच्या नावे लागते व सातबाऱ्यावर त्याच्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, अशी अक्षरे येतात. मधला मुंबईत. धाकटा थोरल्याच्या हाताखाली.

पहिली काही वर्षे मधल्याची मनीऑर्डर थोरल्याच्या नावाने येते. टपाल खात्याची ही सोय १८८० पासूनची. पोस्टमन पैसे थोरल्याच्या हाती मोजून देतो. त्यातून बैल येतो, सावकाराचा हप्ता जातो, बहिणीचे लग्न होते. मधल्याची बायको त्याच घरात राबत असते. तिला नवऱ्याच्या कमाईतील चोळीचा खणही थोरल्या जावेकडे मागावा लागतो. मुलगा आजारी पडला की कुरबुर होते. मग एखाद्या वर्षी मनीऑर्डर दोन होतात; थोरल्याच्या नावे एक, बायकोच्या नावे छोटी दुसरी. प्रस्तुत लेखकाच्या मते एकत्र कुटुंबाच्या विघटनाचा आरंभ शोधायचा असेल तर तो चूल वेगळी होण्याच्या दिवसात शोधू नये. या दुसऱ्या मनीऑर्डरीत शोधावा.

त्यानंतरचे टप्पे बहुतेकांच्या परिचयाचे आहेत. एकाच छपराखाली दोन चुली. मग परसात पत्र्याची पडवी. मग तोंडी वाटप : ‘ओढ्याकडचे तुझे, माळाचे माझे.’ विहीर मात्र सामाईक आणि पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. कागदावर यातले काहीच येत नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे लहान तुकड्यांची वाटणी नोंदवणे अडचणीचे झाले, आणि भावांनाही सरकारदरबारी जाण्याची घाई नसे. परिणामी घर तीन ठिकाणी जेवत असता सातबाऱ्यावर तीस वर्षे एकत्र राहते. केवळ महसुली कागदांवर विसंबणाऱ्या अभ्यासकास म्हणूनच एकत्र कुटुंब प्रत्यक्षापेक्षा फार दीर्घायुषी वाटते. पुढे गाव नमुना ६ मध्ये एका दिवशी फेरफार पडतो आणि विघटन अचानक झाल्यासारखे दिसते.

मधल्याच्या मुंबईतील वास्तव्याची आणखी एक बाजू आहे. काही पुरुषांनी तेथे दुसरे घर केले. मुंबई प्रांतात १९४६ च्या द्विभार्या प्रतिबंधक कायद्यापर्यंत हिंदू पुरुषाचे दुसरे लग्न कायदेशीर होते. त्यानंतर ते थांबले असे नव्हे. कागदावरून नाहीसे झाले, एवढेच. गावची बायको सासरीच राहिली. तिला ‘टाकलेली’ म्हणत नसत, कारण ती दिराच्या घरात, सासूच्या सेवेत होती. पण मनीऑर्डर बंद झालेली असे. हेमलता दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील सुगाव या गावाचा १९४२ ते १९८२ या काळाचा अभ्यास १९८६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. ‘मेन टु बॉम्बे, विमेन ॲट होम’ या त्याच्या शीर्षकातच या प्रदेशाचा शतकभराचा कौटुंबिक इतिहास आला आहे.

‘टाकलेल्या’ स्त्रियांचा प्रश्न सार्वजनिक झाला तो १९८० च्या दशकात. कासेगावच्या इंदुताई पाटणकर यांच्या पुढाकाराने स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्तांना संघटित केले. इंदुताई स्वतः प्रतिसरकारच्या लढ्यातील कार्यकर्त्या. परित्यक्तांच्या मागण्या पाहाव्यात : स्वतंत्र शिधापत्रिका, राहण्यास जागा. शिधापत्रिका नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावे, म्हणून या स्त्रीला सरकारच्या लेखी स्वतःचे कुटुंबच नव्हते. जे कुटुंब प्रत्यक्षात मोडलेले होते, ते शिधापत्रिकेवर शाबूत होते. सातबाऱ्याच्या बाबतीत दिसलेली विसंगतीच येथे पुन्हा दिसते. फरक इतकाच की येथे ती एका स्त्रीच्या भाकरीशी निगडित आहे.

१९८२ चा संप आणि परतलेली माणसे

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पूर्वीच्या संपांत, १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपातही, गाव हा कामगाराचा कोठार होता. तो गावी येई, ज्वारी खाई, संप मिटला की परते. १९८२ साली तो त्याच हिशेबाने आला. परंतु या वेळी संप मिटला नाही आणि कोठारही पूर्वीचे राहिले नव्हते. ज्या थोरल्याच्या घरी तो आपले घर समजून उतरला, तेथे आता थोरल्याची सून नांदत होती. वीस वर्षे पैसे पाठवले म्हणून जमिनीवर आपला हक्क, असे हा म्हणे. वीस वर्षे माती आम्ही ओढली, असे गावचे म्हणत. दोघांचेही खरे होते.

या परतलेल्या माणसांचा एक वेगळा अध्याय शेजारच्या खानापूर तालुक्यात घडला. संपकरी कामगार गावी बसून राहिले नाहीत, डॉ. भारत पाटणकर यांच्यासह त्यांनी मुक्ती संघर्ष चळवळ उभी केली, दुष्काळ हटवण्याचा प्रश्न हाती घेतला. येरळेच्या पात्रातील वाळू ठेकेदाराने उपसण्यास विरोध करून, ती गावाने विकून, त्या पैशाचा हातभार लावून बलवडी-तांदुळवाडीचे बळीराजा धरण लोकांनी बांधले. त्याच्या पाण्याचे वाटप करताना भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबास समान हक्क हे तत्त्व मांडले गेले. युनियनमध्ये शिकलेली संघटनेची रीत येथे पाण्याच्या कामी आली, हे उल्लेखनीय आहे. १९९३ पासून आटपाडीत भरू लागलेल्या पाणी परिषदांत क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या नेतृत्वाखाली हीच मागणी अधिक व्यापक झाली. मात्र ‘प्रत्येक कुटुंबास’ म्हणताच कुटुंब म्हणजे कोण हा जुना प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो. वेगळी चूल असलेली जाऊ हे वेगळे कुटुंब की नाही?

कुंडलच्या शिवारात ताकारी योजनेचे पाणी आले, ऊस वाढला, जी. डी. बापू लाड यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना उभा आहे. आज येथून मुंबईस जाण्याची निकड पूर्वीसारखी राहिलेली नाही. उलट हंगामात बीडकडील तोडणी टोळ्या पश्चिमेकडे प्रवास करीत या शिवारात येतात व कोप्या बांधून राहतात. त्यांच्याकडे नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. गावी मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि कधी मुले. मुंबईने नवराबायकोस तोडले होते, ऊस त्यांना एका उचलीत बांधून इतरांपासून तोडतो. हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे; कुंडलच्या घरांनी तो आपल्या आजोबांच्या अनुभवाशी ताडून पाहायला हवा, असे मात्र सुचवावेसे वाटते.

वारसांचा रकाना

बंद गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांना घरे देण्याची मागणी दीर्घकाळ लढवली गेली. १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर कामावर असलेले कामगार व त्यांचे वारस त्यास पात्र ठरले, आणि २०१२ मध्ये म्हाडाने ६,९२५ घरांची सोडत काढली. अर्जदारांत सातारा-सांगलीकडील लोक मोठ्या संख्येने होते. यानिमित्ताने गावोगावच्या ट्रंकांतून गिरणीचे ओळखपत्र, हजेरीचे तिकीट, भविष्यनिर्वाह निधीच्या पावत्या बाहेर निघाल्या. इतिहासाच्या प्राध्यापकांनी हे कागद विद्यार्थ्यांकरवी वेळीच नोंदवून घेणे आवश्यक आहे, कारण अर्ज निकालात निघाला की ते पुन्हा जपले जातील याची शाश्वती नाही. भविष्यनिर्वाह निधीचे नामनिर्देशन तर विशेष पाहण्याजोगे. आईचे नाव, नंतर ते खोडून बायकोचे, क्वचित भावाचे. माणसाने कोणत्या वर्षी कोणाला आपले मानले, याची ती सही-तारखेनिशी नोंद असते.

मूळ कामगार हयात नसेल तर घरासाठी वारसा प्रमाणपत्र लागते. कायद्याने वारस म्हणजे विधवा, मुलगे, मुली. ज्या थोरल्या भावाने त्याच्या वाट्याची जमीन तीस वर्षे कसली, ज्या भावजयीने त्याच्या मुलांना वाढवले, त्यांना त्या रकान्यात जागा नाही. इकडे गावच्या सातबाऱ्यावरून ‘ए. कु. मॅ.’ ही अक्षरे काढून मुंबईच्या पुतण्यांची नावे लावायची, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खालील वाटपास सर्व सहधारकांची संमती हवी असते, आणि थोरला, किंवा आता त्याचा मुलगा, सही करण्यास तयार नसतो. तलाठी पुढची तारीख देतो. मुंबईचे पुतणे रात्रीच्या गाडीने परत जातात.